मुलांच्या जाहीर लेखनाला संपादक हवा

(आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांच्या स्मृतीनिमित्त दर्पण दिनी दिलेले व्याख्यान)



बाळशास्त्रींचे नाव निघाले की ६ जानेवारी १८३२ ही तारीख आणि ‘दर्पण’ हे नाव आपल्याला आठवते. मराठीतील पहिले वृत्तपत्र त्यांनी मुंबईत काढले तेव्हा ते विशीचे होते. पण हा संपादक हाडाचा शिक्षकही होता. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी शिकवले, दादाभाई नौरोजी त्यांच्या हाताखाली शिकले. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पुस्तके लिहिली, ‘दिग्दर्शन’ हे मासिक चालवले, आणि १८४५ मध्ये हस्तलिखिते ताडून पाहून ज्ञानेश्वरीची छापील आवृत्ती सिद्ध केली. शिकवणे आणि छापणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच निष्ठेने केली. दोन्हींचा पायाही त्यांच्या लेखी एकच होता : लोकांसमोर जे ठेवायचे ते तपासून ठेवायचे.

आज मी बोलणार आहे ते या दोन कामांच्या सांध्याविषयी. आठवी, नववी, दहावीतील मुले आज जाहीरपणे लिहितात. कोणाची अनुदिनी आहे, म्हणजे आपण ज्याला ब्लॉग म्हणतो तो. कोणी चित्रफितीखाली चार ओळी लिहिते, कोणी वर्गाच्या गटावर बातमी टाकते. लिहिलेला शब्द घराबाहेर आणि शाळेबाहेर, अनोळखी वाचकापर्यंत जातो. म्हणजेच तेरा-चौदा वर्षांचे मूल प्रकाशक झाले आहे. या प्रकाशकाजवळ संपादक मात्र नाही. ही उणीव शाळेने भरून काढली पाहिजे, आणि मुलांना लिहू देऊनच ती भरून काढली पाहिजे, हे मला आज मांडायचे आहे.

आपल्याकडच्या छापील अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक मजकूर असतो. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, कोठे छापले. आपण तो सहसा वाचत नाही. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक केले. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. सरकारला छापखान्यांवर नजर ठेवायची होती, हे त्या जुन्या कायद्यामागचे कारण होतेच. तरीही त्यातून वाचकाला एक हक्क मिळाला. छापलेल्या शब्दाबद्दल कोणाला जाब विचारायचा, हे त्याला कळू लागले. आणि लिहिणाऱ्यालाही ठाऊक असे की आपला मजकूर आणखी दोन-तीन माणसांच्या नजरेखालून जाणार आहे.

शाळांमध्येही ही साखळी होती. वर्गाचे हस्तलिखित निघे, व्हरांड्यात भित्तिपत्रक लागे, वर्षाअखेरीस वार्षिकांक येई. मुलांचे संपादक मंडळ असे. मराठीचे सर किंवा बाई मजकूर वाचत, ‘हे तुला कोणी सांगितले?’ असे विचारत, एखादा परिच्छेद परत लिहायला लावत. सुवाच्य अक्षराची मुलगी शेवटची प्रत उतरवून काढी. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत, पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही चालवले. मुलांना वाचायला रोज काही ताजे द्यायचे, तर ते रोज निष्ठेने लिहिले पाहिजे, हे ती मुले गुरुजींकडे पाहून शिकली असणार.

आज अनेक शाळांत वार्षिकांक निघतो तो अहवाल आणि छायाचित्रांपुरता. हस्तलिखित स्पर्धेपुरते उरले आहे. मुलांचे लिहिणे मात्र थांबलेले नाही, ते शाळेच्या नजरेबाहेर गेले आहे. लिहिणे आणि प्रसिद्ध होणे यांमध्ये पूर्वी चार-आठ दिवस जात, आता क्षणही जात नाही. त्या चार-आठ दिवसांत जे शिक्षण होत असे, ते आता कोठेच होत नाही.

या वयाच्या मुलांना जाहीर लेखन झेपते का, अशी शंका पालक घेतात. तिला आपल्याच इतिहासात उत्तर आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातील मुलगी शिकत होती. आजच्या आठवी-नववीच्या वयाची. शाळेत जेमतेम तीन वर्षे गेलेली. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. तो निबंध नववी-दहावीच्या प्रत्येक वर्गात वाचला जावा असे मला वाटते, आणि त्याची थोरवी सांगून न थांबता तो कसा लिहिला आहे हे मुलांना दाखवावे. ती प्रश्न विचारते, आणि प्रश्न धर्माच्या मुळाशी नेते. पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुदरले ते प्रसंग घेऊन सांगते. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांचे हाल लिहिते, कारण ते तिच्या जवळच्या माणसांचे आहेत. शेवटी आपल्याच समाजाकडे वळून शिक्षणाचा आग्रह धरते. राग आहे, पण तो पुराव्यावर उभा आहे. दुःख आहे, पण दया मागितलेली नाही. आणि हे सारे तिच्या नावावर छापले गेले आहे.

त्या मुलीच्या मागे दोन गोष्टी होत्या. तिला बोलते करणारी शाळा, आणि तिचा शब्द छापण्याजोगा मानणारे नियतकालिक. ‘लहान आहेस, मोठी झालीस की लिही,’ असे कोणी तिला सांगितले असते तर मराठी भाषा एका मोठ्या दस्तऐवजाला मुकली असती. म्हणून जबाबदारीने लिहायला शिकवण्याचा अर्थ गप्प बसायला शिकवणे असा कोणी करू नये. मूल जबाबदार होते ते लिहिता लिहिता, जाणत्या माणसाच्या सोबतीने.

या सोबतीत काय शिकवायचे? माझ्या मते पाच गोष्टी.

पहिली गोष्ट पडताळणीची. तिची किंमत महाराष्ट्राने रक्ताने मोजली आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा फोनवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना जमावाने पकडले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्रावर मर्यादा आली. मनावरची मर्यादा शाळेलाच घालून द्यावी लागेल. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला त्यांतल्या बहुतेकांना आपण कोणाचे वाईट करतो आहोत असे वाटलेही नसेल. आपल्या लेकरांच्या काळजीने त्यांनी तो पाठवला असेल. चांगला हेतू तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे मुलांना राईनपाड्याच्या उदाहरणाने सांगितले पाहिजे.

सवय मात्र लहान उदाहरणांनी लागते. युनेस्कोने ‘जन गण मन’ला जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले, हा मजकूर कित्येक वर्षे फिरतो आहे आणि तो खोटा आहे. वर्गात तो फळ्यावर लिहावा आणि मुलांना विचारावे : हे कोणी म्हटले, केव्हा म्हटले, मूळ ठिकाणी जाऊन कोणी पाहिले, असे म्हणण्यात कोणाचा काय लाभ? या चार प्रश्नांना उत्तर नसेल तर मजकूर थांबवावा. गावातील एखाद्या गोष्टीबद्दल लिहायचे असेल तर स्वतः जाऊन पाहावे, दोन वेगवेगळ्या माणसांना विचारावे, आणि एवढ्यानेही खात्री पटली नाही तर ‘असे सांगतात’ असे लिहावे. ज्ञानेश्वरीची आवृत्ती सिद्ध करणाऱ्याने पोथीशी पोथी ताडून पाहिली. नववीच्या मुलाने दोन बातम्या एकमेकींशी ताडून पाहिल्या तर ती त्याच परंपरेतली कृती आहे.

दुसरी गोष्ट दुसऱ्याच्या शब्दाचा मान राखण्याची. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो आणि कुसुमाग्रजांच्या कवितांचा पूर लोटतो. त्यांतल्या कित्येक ओळी कुसुमाग्रजांच्या नसतात. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावावर असाच परका मजकूर खपतो. ज्याने लिहिले त्याचे नाव जाते, आणि ज्याने लिहिले नाही त्याच्या नावाला नको ते चिकटते. असा अन्याय दोन्हीकडून होतो. मुलांना यातला कायदाही सांगावा, तो अवघड नाही. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर त्याच्या वारसांचा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कवितांवर २०५९ अखेर हक्क आहे. समीक्षेसाठी थोडा उतारा घेता येतो, नाव द्यावेच लागते. अख्खी कविता सजवून आपल्या पानावर लावणे हे तिच्यावरचे प्रेम असले तरी परवानगीशिवाय ते करता येत नाही. छायाचित्रालाही कोणीतरी धनी असतो. नेटवर सापडले म्हणून ते बेवारस होत नाही.

यातच आता यंत्राने लिहून दिलेल्या मजकुराचा प्रश्न आला आहे. प्रश्न टाकला की संगणक चार परिच्छेद लिहून देतो, भाषा सफाईदार असते, आणि मधूनच त्यात न घडलेली घटना खऱ्याच्या थाटात बसलेली असते. मूल आपले नाव त्याखाली घालते तेव्हा त्या प्रत्येक वाक्याची हमी ते देत असते. यंत्राची मदत घेतली असेल तर तसे सांगावे, आणि जे आपण स्वतः तपासले नाही त्याखाली आपले नाव घालू नये, एवढा नियम मुलांना पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट दुसऱ्याच्या खाजगी आयुष्याची. येथे मुलांच्या हातून सर्वांत जास्त इजा होते, आणि बहुतेक वेळा नकळत होते. वर्गातल्या मुलाचा रडतानाचा फोटो, मैत्रिणीच्या घरचे भांडण, एखाद्याच्या जातीवरून, रंगावरून, गुणांवरून केलेली चेष्टा. लिहिणारा उद्या विसरतो, ज्याच्याबद्दल लिहिले तो दहावी होईपर्यंत शाळेत मान खाली घालून चालतो. काही बाबतींत कायदा फार स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे एखाद्या प्रकरणात अडकलेल्या, पीडित किंवा साक्षीदार असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, किंवा ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख पोक्सो कायदाही झाकून ठेवतो. गावात असे काही घडले की ‘तिला न्याय द्या’ म्हणून नावासकट फोटो फिरू लागतो. तो पसरवणारी मुले सद्भावनेने पसरवतात, आणि त्या मुलीचे जगणे आणखी कठीण करतात. शिक्षकांनी हे अगोदर सांगून ठेवले पाहिजे. घटना घडल्यावर सांगणे उशिराचे ठरते.

आणि कायद्याच्या पलीकडचा एक साधा नियम आहे. ज्याच्याबद्दल लिहिले त्याला प्रसिद्ध होण्याआधी ते वाचून दाखवावे. गावातील आजीची मुलाखत घेतली, तर तिला अक्षर येत नसले तरी मुलाने तिच्यापाशी बसून तिचे शब्द तिला ऐकवावेत. ती म्हणाली, ‘बाळा, हे तेवढं नको लिहूस,’ तर ते गाळावे.

चौथी गोष्ट स्वतःच्या सुरक्षेची. मुले आपले संपूर्ण नाव, शाळा, क्लासची वेळ, येण्याजाण्याचा रस्ता, सारे एका फोटोत सांगून मोकळी होतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि त्याच्यावर नेम धरून जाहिराती करायला बंदी आहे. कायदा कंपन्यांना बांधतो, पण जे आपणहून उघड केले ते झाकून देत नाही. म्हणून शाळकरी लेखनात पहिले नाव पुरे. गणवेशावरचे बोधचिन्ह, घराचा क्रमांक, आजची जागा आजच सांगणे, हे टाळावे.

टोपणनावाने लिहिणे हाही सन्मान्य मार्ग आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये त्यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने शतपत्रे लिहिली आणि आपल्याच समाजावर कठोर टीका केली. २००९ च्या जानेवारीत पाकिस्तानातील स्वात खोऱ्यात सातवीतील मलाला युसुफझई ‘गुल मकई’ या नावाने बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहू लागली. तालिबान मुलींच्या शाळा बंद करायला निघाले होते त्या दिवसांत एक शाळकरी मुलगी वर्गात काय पाहते, हे तिने लिहिले. तिची ओळख पुढे उघड झाली, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शब्दाची किंमत काही ठिकाणी एवढी मोजावी लागते. या दोन्ही उदाहरणांत टोपणनावामागचा माणूस कोण हे छापणाऱ्याला ठाऊक होते. जगापासून नाव झाकले होते, जबाबदारी झाकलेली नव्हती. खोट्या नावाने खाते काढून वर्गमैत्रिणीला शिव्या देणारा मुलगाही नाव झाकतो, पण त्याच्या मागे जाब देणारे कोणीच नसते. हा फरक मुलांना नीट समजतो, सांगितला तर.

पाचवी गोष्ट चालू ठेवण्याची आणि दुरुस्त करण्याची. सुरू करणे सोपे असते. उत्साहात तीन लेख येतात, मग परीक्षा येते, आणि पान तसेच पडून राहते. त्याचा परवलीचा शब्द कोणाला आठवत नाही, खाली कोणीतरी घाणेरडे लिहून जाते, आणि पुसायला कोणी उरत नाही. म्हणून शाळेच्या उपक्रमात काही गोष्टी आधी ठरवाव्यात. खाते शाळेच्या नावावर असावे, मुलाच्या किंवा एका शिक्षकाच्या खाजगी नावावर नको, कारण मुले दहावी होऊन जातात आणि शिक्षकांची बदली होते. वाचकांची मते शिक्षकांनी पाहिल्याशिवाय प्रसिद्ध होऊ नयेत. महिन्यातून एक लेख आला तरी चालेल, पण ठरलेल्या तारखेला यावा. वर्षाअखेरीस सर्व लेख छापून एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी, कारण संकेतस्थळे बंद पडतात आणि कपाटातला कागद टिकतो. आणि चूक झाली तर ती गुपचूप पुसू नये. लेखाच्या वर तारीख घालून लिहावे : अमुक माहिती चुकली होती, बरोबर माहिती अशी आहे. तेराव्या वर्षी ज्याने चारचौघांत आपली चूक लिहून दुरुस्त केली, तो पुढे कोणत्याही पदावर बसला तरी चुकीला घाबरून खोटे बोलणार नाही. या एका सवयीसाठीही हा सगळा खटाटोप सार्थ आहे.

एवढे ऐकल्यावर मुख्याध्यापकांच्या मनात येईल : नकोच ते. उद्या कोणी तक्रार केली, पालक भांडायला आले, पोलीस आले, तर? ही भीती निराधार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने मुंबईतील बंदबद्दल फेसबुकवर आपले मत लिहिले, दुसरीने त्याला पसंतीची खूण केली, आणि दोघींना अटक झाली. पुढे या अटकेत लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम, ६६ अ, सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरून रद्द झाले. मत मांडणे हा अपराध नाही, हे न्यायालयाने सांगितले. त्याच वेळी बदनामीचा कायदा जागेवर आहे, कोणाचे खाजगी चित्र पसरवणे हा गुन्हा आहे, चिथावणी देणे हा गुन्हा आहे. आपल्या मुलांना दोन्ही बाजू माहीत हव्यात : आपल्याला काय म्हणता येते, आणि कोणाला काय करता येत नाही. एकच बाजू शिकलेले मूल भित्रे तरी होते किंवा बेफिकीर तरी.

बंदीने काय होते, याचे स्कॉटलंडमधील एक उदाहरण सांगतो. २०१२ मध्ये मार्था पेन ही नऊ वर्षांची मुलगी शाळेतल्या रोजच्या जेवणाचा फोटो काढून आपल्या ब्लॉगवर त्याला गुण देत असे. चव कशी, पोटाला पुरते का, आरोग्याला बरे का. वडिलांच्या मदतीने, शाळेच्या परवानगीने. ते जगभर वाचले जाऊ लागले. मग एका वर्तमानपत्राने जेवण बनवणाऱ्या बायकांना कामावरून काढा अशा अर्थाचा मथळा दिला, त्या बायका घाबरल्या, आणि स्थानिक प्रशासनाने मुलीला फोटो काढायला मनाई केली. लोकांचा असा क्षोभ उसळला की दुसऱ्याच दिवशी मनाई मागे घ्यावी लागली. मुलीच्या या लेखनातून मलावीतील शाळकरी मुलांच्या जेवणासाठी मोठा निधी उभा राहिला. यात तिची चूक नव्हती. पण तिच्या लेखनाने कोणाच्या तरी पोटावर पाय येऊ शकतो, हे कोणीतरी आधी पाहायला हवे होते, आणि मथळा दुसऱ्याने दिला असताना लिहिणे तिचे थांबवायला नको होते.

हेच आपल्या शाळेत आणून पाहू. आठवीतल्या मुलीला शालेय पोषण आहारातील खिचडीबद्दल लिहायचे आहे. डाळ पातळ असते, भाज्या नसतात. तिला अडवू नये. संपादक शिक्षकाने तिला विचारावे : धान्य केव्हा आले? किती मुलांमागे किती डाळ मिळते, ते फलकावर लिहिले आहे का? खिचडी शिजवणाऱ्या मावशींशी बोललीस का? त्यांना मानधन किती आणि ते वेळेवर मिळते का? मुलगी हे सारे विचारून येईल तेव्हा तिचा लेख मावशींवरचा आरोप राहणार नाही. धान्य कोठे अडते याची ती हकिकत होईल, आणि मावशीही तिच्या बाजूने उभ्या राहतील. मजकूर मऊ झाला नाही, उलट अधिक धारदार आणि अधिक खरा झाला. लेख अडवणाऱ्याला हे साधता आले नसते.

म्हणून शिक्षकाची भूमिका मी संपादकाची म्हणतो. शाळेच्या प्रतिष्ठेसाठी खरी गोष्ट कापणारा शिक्षक मुलांना ढोंग शिकवतो. न वाचता सही करणारा शिक्षक काहीच शिकवत नाही. प्रश्न विचारणारा, कारण सांगून दुरुस्ती सुचवणारा, शेवटचा निर्णय मुलाबरोबर घेणारा, आणि कोणी तक्रार घेऊन आले तर ‘हे मी वाचले होते’ असे म्हणून पुढे उभा राहणारा शिक्षक हवा. दोष आला की मुलाला पुढे करणाऱ्या संपादकाखाली कोणीही मनापासून लिहीत नाही.

मुलींबद्दल वेगळे बोलले पाहिजे. घराघरांत सुरक्षेच्या नावाने मुलींचे फोन आणि शब्द दोन्ही आवळले जातात. त्याच घरातला भाऊ वाटेल ते लिहीत असतो. मुलीच्या पानाखाली कोणी घाणेरडे लिहिले की तिचे पान बंद होते, लिहिणाऱ्याचे नाही. शाळेच्या संपादक मंडळात निम्म्या मुली असाव्यात, आणि त्यांना त्रास झाला तर लेखन न थांबवता त्रास देणाऱ्याची तक्रार करण्याचे काम शाळेने अंगावर घ्यावे.

विषय कोठून आणायचे, असे विचारतात. आपल्या पायाखालून. गावातील विहीर कोणी बांधली, कोणाला तिथे पाणी भरता येत नसे. एसटीची सकाळची फेरी बंद झाल्यावर कॉलेजच्या मुली कशा जातात. बाजारात यंदा कांद्याला काय भाव मिळाला. आजीच्या तोंडची मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी शब्दांची यादी. मुलाखतीतील माणूस बोलीत बोलला तर बोलीतच छापावे, ती शुद्ध करू नये. केरळमध्ये ‘लिटल काइट्स’ या उपक्रमातील हायस्कूलची मुले संगणक शिकतात, आणि तेथील ‘स्कूलविकी’वर शाळांनी आपापल्या गावांची माहिती मल्याळममध्ये लिहून ठेवली आहे. मराठी मुलांनी लिहायचे ठरवले तर ज्या गावांबद्दल आज दोन ओळीही सापडत नाहीत त्यांची नोंद आपल्या भाषेत होईल.

यासाठी खर्च फार नाही. अभ्यासक्रमातही वाट आहे. दहावीला बातमीलेखन आहे, अकरावीच्या ‘युवकभारती’त मुद्रितशोधन आणि अनुदिनी-लेखन आले आहे. पण ते गुणांसाठी लिहिले जाते आणि परीक्षकाशिवाय कोणी वाचत नाही. खरा वाचक मिळाला की तीच मुले शुद्धलेखनासाठी भांडतात. पहिले सहा महिने लेखन शाळेच्या भिंतीवर आणि शाळेच्या अंतर्गत गटावर राहू द्यावे. मुलांना एकमेकांचे लेख तपासायला द्यावेत. मग निवडक मजकूर बाहेर जाऊ द्यावा. आठवड्यातील एक तासिका, एक संगणक किंवा शाळेचा एक फोन, आणि एक मन लावून वाचणारा शिक्षक, एवढी सामग्री पुरते.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे : येत्या सत्रात मुलांचे संपादक मंडळ नेमा, आणि जे प्रसिद्ध होईल त्याच्या तळाशी लिहिणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे आणि जबाबदार शिक्षकाचे नाव असू द्या. पालकांना विनंती आहे : मूल काय लिहिते ते चोरून पाहू नका, त्याला वाचून दाखवायला सांगा, आणि ऐकताना फोन बाजूला ठेवा. शिक्षक मित्रांनो, मुलांच्या लेखाखाली ‘छान’ एवढेच लिहून थांबू नका, निदान एक प्रश्न विचारा.

आणि मुलामुलींनो, तुम्ही लिहा. जे पाहिले ते लिहा, ज्याची खात्री केली ते लिहा, दुबळ्या माणसाला दुखवण्यासाठी कधी लिहू नका आणि बलवान माणसाला घाबरून खरे लिहायचे थांबू नका. चुकलात तर सर्वांसमोर दुरुस्त करा आणि पुढचा लेख ठरल्या दिवशी द्या.